घर आपले, कागद कुणाचा?

गेल्या वर्षावासातली गोष्ट. कळंबोलीतल्या एका विहारात रविवारचे ग्रंथवाचन आटोपले. शेवटची गाथा झाली, खीर वाटून झाली, माणसे बाहेर चपला शोधू लागली. एक आजी मात्र जागच्या हलल्या नाहीत. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेले कागद. सगळे पांगल्यावर त्यांनी मला जवळ बोलावले आणि विचारले, "वकीलसाहेब, घर माझंच हाय न्हवं?"

प्रश्न पाच शब्दांचा. उत्तर द्यायला मला तीन महिने लागले, आणि ते अजून पुरते देऊन झालेले नाही. म्हणून हा लेख.

आजींचे यजमान लोखंड बाजारात माथाडी होते. साताऱ्याकडचे गाव सोडून मुंबईला आले, आधी झोपडपट्टीत राहिले आणि १९८८ साली कळंबोलीत सिडकोचे एक खोली-स्वयंपाकघराचे घर त्यांना मिळाले. हप्ते फेडले, पोरे शिकवली, मुलीचे लग्न केले. बारा वर्षांपूर्वी ते वारले. आता इमारत जुनी झाली, पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली, आणि विकासकाचा माणूस संमतीपत्रावर सही मागायला दारात आला. तेव्हा कळले की सही करायला आजींचे नाव कोणत्याच कागदावर नाही. वाटपपत्र यजमानांच्या नावावर. नामनिर्देशन थोरल्या मुलाच्या नावाने. मूळ करारनामा २६ जुलै २००५ च्या पुरात भिजून लगदा झालेला. रेशनकार्डावर आजींचे नाव एक, आधार कार्डावर दुसरे, आणि माहेरच्या शाळेच्या दाखल्यावर तिसरे. लग्न बौद्ध पद्धतीने झालेले, शे-दोनशे माणसांसमोर झालेले, पण त्याची नोंद कुठल्याच सरकारी वहीत नाही.

पस्तीस वर्षांहून अधिक काळ ज्या बाईने त्या घराचा उंबरा पुसला, तिचे त्या घराशी नाते काय, हे सांगणारा कागद म्हणजे फक्त विजेचे बिल, आणि तेही नवऱ्याच्या नावाचे!

बंधू-भगिनींनो, ही एका आजींची गोष्ट असती तर मी वर्तमानपत्राची जागा अडवली नसती. पनवेलच्या कोर्टात उभा राहून गेल्या काही वर्षांत मी जी प्रकरणे पाहिली, त्यांत आपल्या माणसांच्या घराची प्रकरणे बहुतेक याच साच्याची आहेत. घर आहे, मालकी नाही. किंवा मालकी आहे, पण ती सिद्ध करणारा कागद नाही.

कळंबोली म्हटले की बाहेरच्या माणसाला पुलाखालचा थांबा आठवतो. पुणे, सातारा, कोल्हापूर, सोलापूरकडे जाणारी गाडी पकडायला सणासुदीला इथे बोचकी घेऊन माणसांची रीघ लागते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग इथूनच सुरू होतो. एका बाजूला ट्रक टर्मिनल आणि लोखंड-पोलाद बाजार, पलीकडे तळोज्याची औद्योगिक वसाहत, आणि मधल्या सखल जमिनीवर आपली वसाहत. पावसाचा जोर आणि समुद्राची भरती एका वेळी आली की इथल्या रस्त्यांवर पाणी चढते, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. लोकल पकडायची तर महामार्ग ओलांडून खांदेश्वर किंवा मानसरोवर गाठायचे, नाहीतर रिक्षाने पनवेल.

पण याच वसाहतीत आपल्या समाजाने एक जग उभे केले आहे. माथाडी, सफाई कामगार, रेल्वेतले गँगमन, गोदीतले कामगार, पुढे त्यांच्या मुलांतून झालेले शिक्षक, पोलीस, नर्स, बँकेतले कारकून. कोणी कोकणातले, कोणी घाटावरचे, कोणी मराठवाड्यातून नामांतराच्या दंगलीची आठवण घेऊन आलेले. बैठकीच्या खोलीत भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली मुलाचे पदवीचे प्रमाणपत्र. एप्रिलमध्ये जयंतीची मिरवणूक, आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत घरोघर आणि विहारात ग्रंथवाचन, सहा डिसेंबरला पांढरे कपडे घालून चैत्यभूमीला निघालेली कुटुंबे. ही संस्कृती हवेत उभी राहत नाही. तिला पत्ता लागतो. भाड्याच्या खोलीतून अकरा महिन्यांनी उठणारा माणूस विहाराच्या बांधकामाला वर्गणी कशी देणार, अभ्यासिका कशी चालवणार, वॉर्डात मतदार म्हणून तरी टिकणार कसा? घर हा चळवळीचा पाया आहे तो या अर्थाने.

बाबासाहेबांना हे जितके कळले होते तितके कोणाला कळणार? कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा विद्वान १९१७ साली बडोद्याला नोकरीसाठी गेला, तेव्हा त्याला राहायला जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहावे लागले, आणि जात कळताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढले. पुढे परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांत त्यांनी संसार आणि चळवळ दोन्ही चालवले. दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभे राहिले ते त्यानंतर, आणि तेही मुख्यतः ग्रंथांसाठी. माता रमाईंना त्या घरात फार दिवस लाभले नाहीत. २७ मे १९३५ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. स्वतःच्या मालकीचे छप्पर म्हणजे काय, हे ज्या घराण्याने इतकी किंमत देऊन शिकले, त्यांचे अनुयायी आपण. आणि आपल्या घराचे कागद आपण साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवतो!

या निष्काळजीपणाला आपल्या माणसाचा आळस कारण आहे, असे कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. कारण आपल्याला मालकीची सवयच लागू दिली गेली नाही. गावात आपल्याकडे जमीन होती ती वतनाची. वतन म्हणजे चाकरीच्या अटीवरची जमीन. चाकरी चुकली की जमीन गेली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. आणि ज्या कुलाबा जिल्ह्याचा आज रायगड झाला, ज्यात आपली कळंबोली आहे, तिथे खोतांचे राज्य. जमीन कसणारा एक आणि मालकी सांगणारा दुसरा. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा विधिमंडळावर नेला. खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला. म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत जमीन ही दुसऱ्याच्या मर्जीने वापरायची वस्तू होती. सातबारा वाचायचा तो तलाठ्याने; आपण अंगठा द्यायचा.

मग सिडको आली. १७ मार्च १९७० रोजी तिची स्थापना झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन नव्या शहरासाठी नेमली गेली. भूमिपुत्रांनी लढा दिला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. त्या हुतात्म्यांना अभिवादन करूनच मी पुढचे वाक्य लिहितो. साडेबारा टक्के हे संपादित जमिनीचे साडेबारा टक्के होते. ज्याची जमीन मोठी त्याचा भूखंड मोठा. ज्याच्या नावावर गुंठाही नव्हता, जो दुसऱ्याच्या शेतात आणि मिठागरात राबत होता, त्याचे कामही गेले आणि मोबदल्याच्या हिशेबात तो कडेलाच राहिला. जमीन गेली तेव्हा नुकसान सगळ्या गावाचे झाले. भरपाई मात्र सातबारा बघून झाली. कागदाचे महत्त्व याहून कडक शब्दांत कोण शिकवणार?

आता आपल्या कळंबोलीच्या घराकडे या. ज्याला आपण मालकी म्हणतो, तो कायद्याच्या भाषेत मुळात भाडेपट्टा आहे. सिडकोने जमीन विकली नाही, साधारणपणे ६० वर्षांच्या पट्ट्याने दिली. १९८५ साली सुरू झालेला पट्टा २०४५ साली संपतो. हे पट्टे वाढवून देण्याचे आणि जमीन पूर्ण मालकीने देण्याचे निर्णय अलीकडच्या वर्षांत सरकारने वेळोवेळी जाहीर केले. पण जाहीर होणे वेगळे आणि आपल्या इमारतीच्या नावाने कागद होणे वेगळे. आपल्या इमारतीचा मूळ पट्टा कोणत्या तारखेचा आहे, तो नोंदवला गेला का, आपली नोंदणी सहकारी संस्था म्हणून आहे की १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली, एवढे तीन प्रश्न येत्या सभेत विचारा. किती समितीवाल्यांना उत्तर देता येते ते पाहा.

दुसरी गोष्ट मुखत्यारपत्राची. सिडकोचे घर दुसऱ्याच्या नावावर करायचे तर सिडकोची परवानगी लागते, हस्तांतर शुल्क भरावे लागते. ते वाचवायला आपल्या लोकांनी वर्षानुवर्षे मुखत्यारपत्रावर घरे घेतली. स्टँपपेपरवर सह्या, रोख रक्कम, किल्ली हातात, झाला व्यवहार! सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्पच्या निकालात स्वच्छ सांगितले की अशा कागदाने स्थावर मालमत्तेची मालकी बदलत नाही. त्याला नोंदणीकृत दस्तच लागतो. मुखत्यारपत्र देणारा वारला की त्या कागदाचा जोरही सर्वसाधारणपणे संपतो. आज त्या मूळ वाटपधारकांची मुले येऊन म्हणतात, घर आमचे. वीस वर्षे राहणारा माणूस पावत्या दाखवतो आणि रडतो. असे घर ज्याचे असेल त्याने मूळ माणूस हयात आहे तोवर त्याला गाठावे, नियमितीकरणाची सवलत जाहीर झाली की पहिल्या दिवशी अर्ज करावा, आणि रीतसर दस्त नोंदवून घ्यावा. दलालाच्या "होईल सगळं" या शब्दावर विसंबू नये.

तिसरी गोष्ट कराच्या पावतीची. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महापालिका झाली आणि कळंबोली तिच्यात गेली. पुढे त्या तारखेपासूनच्या मालमत्ता कराची बिले आली. सिडकोचे सेवाशुल्कही भरले होते, म्हणून दुहेरी कराविरुद्ध नागरिकांनी लढा दिला, आणि तो योग्यच होता. पण माझ्याकडे असेही लोक आले, जे म्हणाले, "साहेब, कर माझ्या नावाने येतो, म्हणजे घर माझे." नाही! कराची पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा. ती ताबा दाखवायला उपयोगी पडते, मालकी देत नाही.

आणि चौथी, सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट: घरातल्या बाईचे नाव.

आजींच्या प्रकरणात थोरला मुलगा मला म्हणाला, "नॉमिनी मी आहे, म्हणजे मालक मी." त्याने बाहेर दलालाशी बोलणेही केले होते. घर विकायचे, भाऊ-भाऊ पैसे वाटून घ्यायचे, आणि स्वतः बदलापूरला मोठे घर घ्यायचे. मी त्याला समोर बसवून सांगितले, बाळा, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सहकारी घराच्या प्रकरणातच सांगितले आहे की संस्थेने नॉमिनीची नोंद करावी, पण मालकीचा हक्क वारसांचा वारसांनीच ठरवून घ्यायचा. आपल्याला लागू आहे १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा. नावात हिंदू असले तरी त्याच्या दुसऱ्या कलमाने तो बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता पुरुष वारला तर त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई हयात असल्यास आई, या सगळ्यांचा सारखा हिस्सा. तुझ्या घरात आई, तुम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण. म्हणजे चार हिस्से. तुझा चौथा, आईचा चौथा, आणि ज्या बहिणीला तू मोजलेच नाहीस तिचाही चौथा.

तो गप्प बसला. मग म्हणाला, "ताई हक्कसोड करून देईल. साडी-चोळी करू."

समाजबांधवहो, हे वाक्य मी किती घरांत ऐकले आहे! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली, ती याच जिल्ह्यात. स्त्रीला संपत्तीत हक्क मिळावा म्हणून हिंदू कोड बिल आणले, आणि ते मागे पडते आहे हे पाहून बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. एका माणसाने ज्या हक्कासाठी केंद्रातले मंत्रिपद सोडले, तो हक्क आपण बहिणीकडून एका साडीवर सोडवून घेतो. आणि संध्याकाळी त्याच माणसाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावतो. मनुस्मृती जाळली ती महाडला. आपल्या कपाटात तिची एखादी प्रत उरली आहे का, हे ज्याने त्याने तपासावे.

बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला तर तो तिचा निर्णय. पण तिला आधी हक्क आहे हे सांगा, मग विचारा. तिला न सांगता घेतलेली सही कायद्याने टिकेल की नाही हा पुढचा वाद. शीलाला ती धरून नाही, हे आत्ताच सांगतो.

आता उपाय. ते कठीण नाहीत. नवे घर घेणाऱ्याने पत्नीचे नाव पहिले किंवा बरोबरीने घालावे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून फक्त स्त्रीच्या नावाने राहते घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. घर आधीच आपल्या नावावर असेल तर ते पत्नीला किंवा मुलांना बक्षीसपत्राने देण्यासाठी मुद्रांक शुल्क २०१५ पासून २०० रुपये आहे. वर स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च येतो, आणि सिडकोची परवानगी घ्यावी लागते. तेही नको असेल तर मृत्युपत्र करा. त्याला स्टँपपेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांसमोर सही केली तरी चालते. साक्षीदार मात्र असे घ्या, ज्यांना त्या मृत्युपत्रातून काही मिळायचे नाही. लग्नाची नोंद करा. १९९८ चा कायदा त्यासाठीच आहे. सगळ्या कागदांवर नाव एकसारखे करून घ्या. आपल्याकडे आडनावे बदललेली, गावाकडचे नाव वेगळे, लाडाचे नाव वेगळे. ही गंमत वारस दाखल्याच्या वेळी महागात पडते. आणि मूळ कागदांच्या तीन प्रती काढून त्यातली एक दुसऱ्याच्या घरी ठेवा. २००५ च्या पुराने तळमजल्यावरच्या माणसांना जो धडा दिला तो विसरू नका.

पुनर्विकासाच्या सभांना जा. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथून विमाने सुरू झाली. ज्या कळंबोलीला लोक लोखंडाचा आणि ट्रकचा गाव म्हणून नाक मुरडत होते, तिथल्या छोट्या घरावर आता मोठ्यांचे डोळे आहेत. अशा वेळी पहिला बाजूला होतो तो कच्च्या कागदाचा माणूस. घाईने विकून कर्जत-नेरळकडे निघालेली कुटुंबे मी पाहतो आहे. विकणे गुन्हा नाही. पण एकदा इथून उठलेला माणूस इथे परत घर घेऊ शकत नाही, हा हिशेब आधी करा. बाहेर नवे घर शोधताना आडनाव ऐकून दलालाचा आवाज कसा बदलतो, ते मी स्वतः अनुभवले आहे. "मालक शाकाहारी माणसं बघतायत" हे वाक्य वकिलाच्या काळ्या कोटालाही सोडत नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने पारशी गृहसंस्थेच्या प्रकरणात एका समाजापुरते सभासदत्व ठेवण्याचा उपविधी वैध ठरवला. त्या निकालाचा आदर राखूनही विचारावेसे वाटते, की प्रत्येकाने आपापले कुंपण घातले तर कुंपणाबाहेर कोण उरतो? म्हणून सिडकोच्या सोडतीत मिळालेले, सगळ्या जातीधर्माच्या शेजाऱ्यांमधले ते छोटे घर मला मोलाचे वाटते. त्या जिन्यात आडनाव विचारून कोणी खोली दिली नव्हती.

भगवंतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली: अस्तिसुख, भोगसुख, अनृणसुख, अनवद्यसुख. कष्टाने मिळवलेले आपल्याजवळ असण्याचे सुख, ते उपभोगण्याचे, कर्ज नसण्याचे, आणि निर्दोष वागण्याचे. धम्माने गृहस्थाला घर सोडायला सांगितले नाही, घरात नीट वागायला सांगितले. बहिणीचा हिस्सा गिळून बांधलेल्या घरात चौथे सुख कुठून येणार?

माझी एक सूचना आहे. येत्या वर्षावासात प्रत्येक विहाराने एक रविवार कागदांसाठी ठेवावा. वाचन झाले की तासभर. ज्याने त्याने आपली पिशवी घेऊन यावे. समाजातले वकील, नोंदणी कार्यालयाची माहिती असलेले, बँकेतून निवृत्त झालेले यांनी बसावे. जयंतीच्या डीजेच्या खर्चातला छोटा भाग झेरॉक्स आणि टायपिंगसाठी काढावा. मी माझ्यापुरते सांगतो, कळंबोलीत त्या दिवशी मी फी घेणार नाही.

आजींचे काय झाले? सिडकोकडे कागदांच्या प्रतींसाठी अर्ज केला. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली वारस दाखल्याचा अर्ज पनवेलच्या न्यायालयात दाखल आहे. त्यावर चौघांचीही नावे आहेत. मुलगी तारखेला स्वतः येते. थोरल्याने दलालाला नाही म्हणून सांगितले आहे. रागावून का होईना, पण सांगितले. घर आईच्या नावावर करायचे की चौघांच्या, याची चर्चा घरात चालू आहे. निदान त्या चर्चेत आई आता बसते.

मागच्या तारखेला अर्जाखाली त्यांनी सही केली. अंगठा नको म्हणाल्या. नातीकडून शिकून आल्या होत्या. सही वाकडी आली, पण ती त्यांचीच होती.

जयभीम! नमो बुद्धाय!